जोडीदार अपक्ष उभा राहतोय, गावागावातून वर्गणी कशी काढायची?

जय हिंद भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचा जोडीदार एकाच दिवशी फौजेत भरती झालात, एकाच कंपनीत वर्षं काढली, तो नायब सुभेदार होऊन घरी आला आणि आता बेळगावकडच्या खानापुरातून कर्नाटक विधानसभेला अपक्ष उभा राहायचं म्हणतोय. पार्टी नाही, पैसा नाही. तुम्हाला माजी सैनिकांकडून आणि गावागावातून शंभर-दोनशे करून पैसे उभे करायचेत, तर किती जमतील आणि कसे मागायचे, असं विचारलंय.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी क्लार्क ट्रेडचा, 17 वर्षं ऑफिसात काढली, घरी आल्यावर सोसायटीत हिशेब लिहिला आणि आजवर तीन अपक्षांच्या निवडणुकीचा हिशेब सांभाळलाय, दोन विधानसभेचे आणि एक तालुका पंचायतीचा. तिघंही पडले. त्यातल्या दोघांचं घर जसंच्या तसं राहिलं. तिसऱ्यानं प्रचाराच्या शेवटच्या आठ दिवसांत कुणाला न सांगता प्लॉट गहाण टाकला आणि त्याच्या बायकोला ते निकालानंतर दोन महिन्यांनी कळलं. मी त्याचा हिशेब बघत होतो आणि मला पण कळलं नव्हतं, ते मला अजून लागतं. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा वेगळा वाचतो. पैसे जमतील ओ, कमी जमतील जास्त जमतील, पण जमतील. पैसे कमी पडले की आपला माणूस आपलाच फंड, कम्युटेशनचे म्हणजे पेन्शनचा भाग विकून एकरकमी मिळालेले पैसे, वहिनींचे दागिने बाहेर काढतो, कारण फौजी माणसाला मागे फिरायची सवय नसते. तेव्हा त्याला अडवणारा माणूस तुम्हीच व्हायचंय. वर्गणीचं काम हातात घेताय म्हणजे हे काम पण हातात घेताय.

त्यामुळे सगळ्यात आधी एक बैठक. तो, वहिनी आणि तुम्ही, तिघंच. वहिनींच्या समोर एक आकडा कागदावर लिहायचा, घरातून जास्तीत जास्त एवढेच जाणार, पेन्शनवर कर्ज नाही, जमिनीवर कर्ज नाही. खाली तिघांच्या सह्या. हसण्यासारखं वाटेल, पण प्रचाराच्या दहाव्या दिवशी कुणीतरी येऊन सांगतं की अजून दोन लाख असते तर सीट निघाली असती, त्यावेळी हा कागदच कामाला येतो, तोंडी शब्द येत नाही.

आता वर्गणी. माझं मत असं की वर्गणी ही रेकी आहे, म्हणजे आधीची टेहळणी. आपण पोस्ट घ्यायच्या आधी रेकी करत होतो की नाही, तसं फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन महिने वर्गणी काढायची आणि त्यावरून ठरवायचं की उभं राहायचं की नाही. शंभर रुपये देणारा माणूस मत देईलच असं नाही, पण जो शंभर रुपये द्यायला तयार नाही आणि फक्त "साहेब उभे राहा, आम्ही हाय की" म्हणतो त्याच्यावर काय धरून चालायचं? खानापूर मतदारसंघात दोन लाखांच्या वर मतदार आहेत, एका टोकाला कणकुंबी-जांबोटीचं जंगल, खाली लोंढा, इकडे नंदगड आणि पलीकडे बिडी-इटगीचा कन्नड पट्टा. तुमच्या जोडीदाराला त्याच्या स्वतःच्या गावाबाहेर कोण ओळखतं हे पावती पुस्तकच सांगेल. मी असं ठरवतो की निदान तीस-चाळीस गावांतून, प्रत्येक गावातून दहा वेगळ्या घरांची पावती फाटली पाहिजे. रक्कम पन्नास रुपये असली तरी चालेल. सगळे पैसे त्याच्या गल्लीतून आणि युनिटवाल्यांकडूनच आले तर त्याला स्पष्ट सांगा की यंदा विधानसभा नको, आधी ग्रामपंचायत लढव. आपल्याकडे ग्रामपंचायत पार्टीच्या चिन्हावर होतच नाही, तिथं अपक्ष आणि पार्टीवाला एकाच लाईनीत उभे असतात. हे ऐकून तो चिडेल, चिडू दे.

आधी पैसे गोळा करायचं दुसरं कारण वेळेचं आहे. अपक्षाला चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. 2023 ला माघार 24 एप्रिलला होती आणि मतदान 10 मे ला. म्हणजे चिन्ह हातात आल्यापासून मतदानापर्यंत सोळा दिवस, त्यात छापायचं, वाटायचं आणि दोन-अडीचशे बूथवर माणूस उभा करायचा. पार्टीवाल्याचं चिन्ह लोकांच्या डोळ्यात वर्षानुवर्षं बसलेलं असतं, आपलं चिन्ह शेगडी आहे की कपबशी हे लोकांना त्या सोळा दिवसांत शिकवायचं असतं. त्या दिवसांत पैसे मागत फिरायला कुणाला सवड नसते. तोवर पैसे खात्यात पाहिजेत.

आपल्या सीझनचा पण विचार करा. निवडणूक एप्रिल-मे मध्ये आली तर लग्नसराई असते, लोकांचे खिसे रिकामे. खानापूर भागात भाताचे पैसे डिसेंबर-जानेवारीत हातात असतात, ऊसवाल्यांचे बिल कारखान्यावर अवलंबून, काजूवाल्यांकडे एप्रिल-मे मध्ये थोडं येतं. माजी सैनिकांकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा, पेन्शन नुकती पडलेली असते. विसाव्या तारखेला माणूस नाही म्हणतो ते मनातून म्हणत नाही, तेव्हा त्याच्याकडे नसतात.

आता खातं. हे इतकं महत्त्वाचं आहे की इथं चुकलात तर बाकी सगळं वाया. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे उमेदवारानं निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढायचं, फॉर्म भरायच्या निदान एक दिवस आधी. तुम्ही दोन-तीन महिने आधीच काढा. खातं उमेदवाराच्या नावावर किंवा उमेदवार आणि त्यानं नेमलेला इलेक्शन एजंट असं जॉइंट. बायकोबरोबर जॉइंट चालत नाही, ती स्वतः एजंट असेल तर गोष्ट वेगळी. फोन पे, गुगल पे चा क्यूआर ह्याच खात्याचा पाहिजे. मी बघितलेली सगळ्यात मोठी चूक हीच आहे, पोरं उत्साहानं स्वतःच्या मोबाईलचा नंबर ग्रुपवर टाकतात, "मामा इथं पाठवा, मी पुढं देतो", आणि मग पाच पोरांच्या पाच खात्यांत थोडे थोडे पैसे, कुठले घरचे कुठले प्रचाराचे कळत नाही, आणि शेवटी गावात बोललं जातं की अमक्याच्या पोरानं खाल्ले. त्यानं एक रुपया खाल्लेला नसतो. पण पोराचं नाव जातं ते जातंच.

रोख पैशाचे नियम कडक आहेत. एका माणसाकडून पूर्ण निवडणुकीत 10,000 च्या वर रोख घेता येत नाही, आणि एका माणसाला 10,000 च्या वर रोख देता पण येत नाही, त्याच्यावर चेक नाहीतर ऑनलाईन. विधानसभेला आपल्या राज्यात खर्चाची मर्यादा 40 लाख आहे, 2022 पासून. तुम्ही त्याच्या जवळपास पण जाणार नाही, पण मर्यादेच्या आत असलं म्हणून हिशेब सुटत नाही. फॉर्म भरल्यापासून निकालापर्यंतचा रोजचा खर्च तीन रजिस्टरमध्ये लिहायचा असतो, एक रोजच्या खर्चाचं, एक रोख रकमेचं, एक बँकेचं, आणि प्रचार चालू असताना खर्च निरीक्षकांसमोर निदान तीन वेळा ते तपासून घ्यावं लागतं. त्यांच्याकडे तुमच्या प्रत्येक सभेचं, गाडीचं वेगळं रजिस्टर असतंच, आपलं आणि त्यांचं जुळलं पाहिजे.

आणि फुकटात मिळालं ते फुकट नसतं हो. हे माजी सैनिकांच्या गळी उतरवायला मला फार त्रास होतो. कुणी म्हणतं माझी बोलेरो घेऊन जा, डिझेल मी घालतो. कुणी म्हणतं मंडप माझा. चांगली गोष्ट, पण जिल्हा निवडणूक अधिकारी रेट कार्ड काढतात, खुर्चीचा दर, चहाचा दर, गाडीचा दर, त्या दरानं ती वस्तू तुमच्या खर्चात धरली जाते आणि देणगी म्हणून दाखवावी लागते. तेव्हा वस्तू देणाऱ्याला पण पावती फाडा. शिवाय उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय परस्पर प्रचारावर खर्च करणं हा देणाऱ्यावर गुन्हा होतो, म्हणून तुमचं स्वतःचं परवानगीचं पत्र आधी घेऊन ठेवा. पत्रक छापलं तर त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे, नाहीतर पत्रकं जप्त आणि वर केस.

कोल्हापूर, चंदगड, शिरोळकडचे युनिटवाले मदत करायला पुढे येतील. सैनिक टाकळीसारखी गावं तर आहेतच, एक जण बोलला की दहा उठतात. भारतीय नागरिक कुठूनही पैसे देऊ शकतो, त्याला मतदारसंघाचं बंधन नाही. पण त्यांना सांगा, एकत्र करून गाडीत घालून पाठवू नका, ज्यानं त्यानं आपल्या खात्यातून पाठवा. आचारसंहिता लागली की कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, आणि प्रचाराच्या माणसाकडे 50,000 च्या वर रोख सापडली की ती जप्त होते. माझ्या दुसऱ्या निवडणुकीत एका जोडीदारानं बत्तीस जणांचे पैसे प्रेमानं गोळा करून स्वतः आणायचं ठरवलं होतं, नाव-यादी नाही काही नाही, निघायच्या आदल्या रात्री फोन आला म्हणून कळलं आणि थांबवलं. बत्तीस जणांनी वेगवेगळे पाठवले, दोन दिवस जास्त लागले. गल्फमध्ये आपली पोरं आहेत, भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतात. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलंय त्यांच्याकडून एक रुपया नको, निवडणुकीच्या उमेदवाराला परदेशी पैसा कायद्यानं बंद आहे.

आता कुणाकडून मागायचं नाही ते सांगतो, कारण आपल्या लोकांत इथंच गफलत होते. आपले कितीतरी माजी सैनिक परत नोकरीला लागलेत, पोलीसमध्ये, पोस्टात, सरकारी बँकेत, कुणी डीएससीत म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये. डीएससीवाला तर परत वर्दीतच आहे. सरकारी नोकरांना राजकारणासाठी वर्गणी द्यायला सर्व्हिस रूलनं बंदी आहे. तो तुमच्या प्रेमापोटी पाचशे रुपये देईल आणि कुणीतरी पावतीचा फोटो काढून त्याच्या साहेबाला पाठवेल. भावाची नोकरी घालवून आपल्याला काय मिळणार? सर्व्हिसमध्ये असलेल्या पोरांना तर ग्रुपवरच घेऊ नका. त्यांचं मत पोस्टल बॅलटनं येतं, तेवढं पुरे.

माजी सैनिक संघटनेच्या खात्याला हात लावू नका. त्या खात्यात सगळ्या विचारांच्या लोकांचे पैसे आहेत, तिथं कुणी महाराष्ट्र एकीकरण समितीचा आहे, कुणी कमळाचा, कुणी हाताचा, आणि उद्या पेन्शनच्या कामाला सगळ्यांनी एकत्र बसायचंय. मीटिंगमध्ये ठराव करून पाठिंबा मागायचा मोह होईल, तो पण टाळा, माणूस माणसाला भेटून मागा. कॅन्टीनच्या लाईनीत, ईसीएचएसमध्ये म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, 4 फेब्रुवारीच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेजिमेंट डे ला पावती पुस्तक बाहेर काढायचं नाही. ती जागा वेगळी आहे.

फोटोचं पण तसंच. वर्दीतला फोटो बॅनरवर लावायची फार हौस असते. सैन्याचे, जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका अशी आयोगाची सूचना 2013 पासून आहे, 2019 ला परत काढली. नावापुढं रँक आणि निवृत्त लिहा, पुरे झालं, रेजिमेंटचं चिन्ह नको. लोकांना माहीत असतं की ओ कोण फौजेत होता.

वीरपत्नीच्या घरी वर्गणी मागायला जायचं नाही. भेटायला जा, पावती पुस्तक गाडीत ठेवून जा. नंदगडकडच्या एका ताईंनी स्वतःहून अकरा रुपये दिले होते, त्यांची पावती मी फाडली, आणि त्या पावतीचा फोटो कुठं टाकायचा नाही असं पोरांना बजावून सांगितलं. बायकांच्या संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या पैशातून पण घेऊ नका. ते पैसे कर्जाच्या हप्त्याचे असतात.

मोठी रक्कम देणारा येईल, दहाव्या-बाराव्या दिवशी हमखास येतो. वाळूवाला असेल, दारूवाला असेल, नाहीतर कुणाच्या तरी मार्फत समोरचा उमेदवारच असेल ज्याला तुमच्यामुळं तिसऱ्याची मतं कमी व्हायला पाहिजे असतात. म्हणून आधीच जाहीर करा की एका माणसाकडून 2,000 च्या वर घेणार नाही, किंवा जो काय आकडा पटेल तो. एकदा जाहीर केलं की नाही म्हणायला सोपं जातं, आणि समितीच्या लोकांत पण शंका राहत नाही. हा प्रश्न खानापुरात येणारच, मराठी मतं फोडायला कुणी उभं केलंय का म्हणून. त्याला भाषण करून उत्तर देऊन काही उपयोग नाही. दर रविवारी देणगीची यादी, नाव, गाव, रक्कम, देवळाच्या किंवा पंच कमिटीच्या बोर्डावर लावा, ज्यांना नाव नको त्यांचा फक्त पावती नंबर. बिडीकडे तीच यादी कन्नडमध्ये लावा. पैसे कुणाचे आहेत हे लोकांनी वाचलं की अर्धी चर्चा तिथंच बंद होते.

पावती पुस्तक नंबरचं, दोन भागाचं, पन्नास पानी. कुणाला कुठलं पुस्तक दिलं त्याचं लेजर ठेवा, क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये ठेवत होतो तसंच, इश्यू, रिटर्न, सही. संध्याकाळी दोघांनी मिळून मोजायचं, एकट्यानं कधीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. फिरताना जोडी करा, एक माजी सैनिक आणि एक त्या गावचा माणूस. नुसता फौजी गेला तर लोक चहा देतात, सलाम करतात आणि विषय बदलतो. गावचा माणूस बरोबर असेल तर शंभराची नोट निघते. आणि सभेत हात वर करून जाहीर केलेली रक्कम हिशेबात धरू नका. माझ्या पहिल्या वेळी एका गावात सभेत लाखाच्या पुढं आकडा गेला होता, मी तो धरून पत्रकांची ऑर्डर दिली आणि हातात आले एकतीस हजार, प्रेसवाल्याचे पैसे शेवटी आम्ही चौघांनी भरले. तेव्हापासून खात्यात आलेल्या पैशाच्या वर एक कागद छापत नाही.

डिपॉझिट 10,000 आहे, अनुसूचित जाती-जमातीला 5,000. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ते जातं. आपल्या बेळगावातच 1996 च्या लोकसभेला साडेचारशेच्या वर उमेदवार उभे होते, त्यानंतर देशभर डिपॉझिट वाढवलं गेलं. फॉर्मवर अपक्षाला मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सूचक म्हणून सह्या लागतात. त्या दहा सह्या दहा वेगळ्या गावांच्या घ्या, आणि दहाही जणांची पावती फाटलेली असू दे.

दोन वचनं पावतीच्या मागेच छापा. एक, माघार घेतली तर सगळे पैसे पंधरा दिवसांत परत. दोन, निवडणुकीनंतर उरले तर ज्याचे त्याला प्रमाणात परत. माघारीचं पहिलं छापायला तुमचा जोडीदार का-कू करत असेल तर तिथंच थांबा आणि त्याच्याशी बोला, त्याच्या मनात काय आहे ते मला सांगता येणार नाही पण तुम्हाला कळेल. आणि देणाऱ्यांना सांगा की ह्या देणगीवर इन्कम टॅक्सची सूट मिळत नाही, ती फक्त पक्षांना दिलेल्या देणगीवर आहे. पक्षांना जमलेल्या पैशावर जी टॅक्सची माफी असते ती पण अपक्षाला नाही, म्हणून पहिली पावती फाडायच्या आधी एका सीएला अर्धा तास भेटा.

किती जमतील ह्याचा आकडा मी देत नाही, तो त्याच्या नावावर आहे, तो घरी आल्यापासून गावात काय केलं त्याच्यावर आहे, आणि त्या वर्षी भात कसं झालं त्याच्यावर पण आहे. माझ्या तीन वेळांत दोनदा ठरवलेल्या रकमेच्या निम्मे जमले, आणि आम्ही प्रचार पण तेवढाच केला.

शेवटचं एक. निकालापासून 30 दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, पडलेल्यानं पण. दिला नाही तर आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. पडल्यावर माणूस रजिस्टर उघडायला तयार नसतो, फोन उचलत नाही, आणि जी पोरं रात्रंदिवस अंगणात बसलेली असायची त्यातलं एक पण दिसत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जा. बिलं, पावत्यांची मूळ पानं आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन जा, वहिनींना चहा टाकायला सांगा आणि त्याच्या शेजारी बसून पहिल्या पानापासून लिहायला घ्या.